विशाखापट्टणम, ७ मे २०२०: न वाजलेला भोंगा आणि पहिला तास

आर. आर. वेंकटापुरम ही विशाखापट्टणमच्या गोपालपट्टणम भागातली वस्ती. तिच्या शेजारीच एलजी पॉलिमर्सचा कारखाना. तो १९६१ साली हिंदुस्तान पॉलिमर्स या नावाने सुरू झाला आणि १९९७ मध्ये दक्षिण कोरियाच्या एलजी केमकडे आला. सुरुवातीला आजूबाजूला फारसं काही नव्हतं, शहर नंतर वाढत वाढत कुंपणापर्यंत पोहोचलं. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या औद्योगिक पट्ट्यांची हीच गोष्ट आहे, त्यामुळे इथं कोणी नाक मुरडायचं कारण नाही.

७ मे २०२० च्या पहाटे तीनच्या सुमारास या कारखान्यातल्या एम-६ टाकीच्या छतावरून स्टायरिन या रसायनाची वाफ बाहेर पडू लागली. टाकीत सुमारे १,८०० टन स्टायरिन होतं. लॉकडाऊनमुळे कारखाना सहा आठवडे बंद होता आणि वस्ती झोपेत होती. १२ माणसं दगावली, शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. मृतांमध्ये एक लहान मुलगी होती आणि एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थीही. काहींचा जीव वाफेने नाही, पळताना पडून गेला.

या घटनेवर बरंच लिहिलं गेलंय, पण बहुतेक लिखाणाचा रोख 'दोषी कोण' यावर आहे. त्याची चौकशी झाली, अटकाही झाल्या. मला इथं वेगळ्या गोष्टीकडे पाहायचंय. विषारीही आणि ज्वलनशीलही असलेला वायू वस्तीत शिरला, तर पहिल्या तासाभरात कोणी काय करायचं असतं आणि त्या पहाटे प्रत्यक्षात काय झालं? माझं मत आधीच सांगून टाकतो. मदतीला धावलेल्यांच्या हिमतीत काही कमी नव्हतं. कमी पडली ती माहिती, आणि तीही अशी माहिती जी कारखान्याच्या भिंतीच्या आत होती.

टाकीत काय शिजत होतं

स्टायरिन हा थर्माकोल आणि पॉलिस्टायरिनचा कच्चा माल. रंगहीन, तेलासारखं, गोडसर उग्र वासाचं द्रव. त्याचा स्वभाव असा की रेणू आपोआप एकमेकांना जोडत जातात आणि प्रत्येक जोडणीत उष्णता बाहेर पडते. उष्णता वाढली की जोडणीचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की उष्णता आणखी. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे गेलं की ही साखळी हाताबाहेर जाते. म्हणून स्टायरिन थंड ठेवतात, हलतं ठेवतात आणि त्यात टीबीसी नावाचं रसायन मिसळतात. टीबीसी ही जोडणी रोखून धरतं, पण हळूहळू खर्चही होतं. शिवाय त्याला काम करायला द्रवात थोडा विरघळलेला ऑक्सिजन लागतो. म्हणजे एकदा टाकलं आणि विसरलो, असं इथं चालत नाही.

एम-६ मध्ये या तिन्ही गोष्टी ढिल्या पडल्या होत्या. राज्य सरकारने नीरभ कुमार प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चाधिकार समितीने जुलै २०२० मध्ये अहवाल दिला, त्यात हे सविस्तर आलंय. तापमान मोजायची सोय टाकीच्या तळाशी होती. थंड द्रव खाली, गरम द्रव वर, आणि तापमापी खालचा आकडा दाखवून सगळं ठीक असल्याचं सांगतेय. टाकीच्या पाइपरचनेत आधी केलेल्या बदलामुळे वरचा थर नीट ढवळलाही जात नव्हता. शीतकरण यंत्रणा चोवीस तास चालू नव्हती, संध्याकाळी बंद केली जायची. विशाखापट्टणमच्या मे महिन्यातल्या रात्रीत. एप्रिलच्या शेवटी नमुन्यात पॉलिमरचं प्रमाण वाढलेलं दिसलं होतं, पण तो आकडा मालाचा दर्जा म्हणून वाचला गेला, धोक्याची सूचना म्हणून नाही.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण असं की आपत्कालीन प्रतिसाद गळती सुरू झाल्यावर सुरू होतो, हा समज इथं खोटा ठरतो. आतल्या माणसांच्या हातात काही दिवसांचा वेळ होता. बाहेरच्यांच्या वाट्याला मिनिटं आली.

तीन ते साडेचार

स्टायरिनचा उत्कलनबिंदू १४५ अंश. आतला द्रव तिथवर तापला आणि वाफ छतावरच्या वाटांनी सुटली. ही वाफ हवेपेक्षा साडेतीन पटींहून जड असते, त्यामुळे ती वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत पसरत जाते. त्यात पहाटेची वेळ. वारा मंद, जमिनीलगतची हवा थंड आणि स्थिर. भर दुपारी, उन्हाने हवा ढवळली जात असताना हीच गळती झाली असती, तर चित्र कदाचित वेगळं दिसलं असतं. पहाटे तीन ही अशा वायूसाठी सगळ्यात वाईट वेळ.

कारखान्यात भोंगा होता. तो वाजवण्यासाठी ३६ ठिकाणी कळ होती, त्यातली एक फाटकावर. समितीच्या अहवालानुसार यातली एकही कळ कोणी दाबली नाही.

या वाक्यावर थोडं थांबू. भोंगा का वाजला नाही याची तांत्रिक कारणं देता येतील, पण ३६ कळांपैकी एकीलाही हात लागत नाही तेव्हा प्रश्न यंत्राचा राहत नाही. रात्रपाळीतल्या माणसाला, वरिष्ठाला फोन न करता, स्वतःच्या अधिकारात भोंगा वाजवायची मुभा होती का? वाजवला आणि काही निघालं नाही तर त्याला सकाळी बोलणी खावी लागली असती का? आपल्या कारखान्यांमध्ये भोंग्याभोवती एक अदृश्य भीती असते. लोक जमतील, पत्रकार येतील, निरीक्षक येईल. शिफ्टचा भोंगा दिवसातून तीनदा बिनदिक्कत वाजतो, पण धोक्याचा भोंगा वाजवायला साहेबांना विचारावं लागतं. ज्या कारखान्यात हा नियम लेखी किंवा तोंडी चालतो, तिथं आपत्कालीन योजनेची फाईल कितीही जाड असो, तिचा उपयोग नाही.

भोंगा नाही, म्हणून लोक डोळ्यांच्या आणि घशाच्या जळजळीने जागे झाले. जागं झालेला माणूस दार उघडून बाहेर येतो. बाहेर वाफ जास्त होती. अंधारात कुठून येतंय हे कळेना. काही जण वाफेच्याच दिशेने पळाले. रस्त्यावर, गटारांच्या कडेला माणसं कोसळत गेली. दुचाकीवर अख्खं घर बसवून निघालेली माणसं दुचाकीसकट पडली. स्टायरिन मेंदूवर गुंगीसारखा परिणाम करतं, त्यामुळे पळताना पाय लटपटतात आणि दिशा सुटते. उजाडल्यावरच्या छायाचित्रांत गुरं मरून पडलेली दिसतात आणि कुंपणालगतच्या झाडांची पानं करपलेली.

अशा वेळी लोकांनी काय करायचं असतं? सोपं उत्तर नाही. ढग अजून पोहोचला नसेल तर बाहेर पडणं बरं. ढग दारात आला असेल तर अनेकदा घरात राहणं बरं: दारं-खिडक्या बंद, फटींना ओलं कापड, पंखा आणि एसी बंद, आणि वायू जड असेल तर वरचा मजला. बाहेर पडायचंच असेल तर वाऱ्याला आडवं जायचं. वाऱ्याबरोबर पळालं तर ढग सोबत येतो, वाऱ्यासमोर पळालं तर उगमाकडे जातो. पण यातला कुठला पर्याय निवडायचा हे झोपेतून उठलेला माणूस ठरवू शकत नाही. ते कोणीतरी सांगावं लागतं, त्याच्या भाषेत, लाउडस्पीकरवरून, आणि आधी कधीतरी सराव झालेला असावा लागतो. १९८९ च्या धोकादायक रसायनांच्या नियमांनुसार कारखान्याच्या आतली मॉक ड्रिल दर सहा महिन्यांनी आणि बाहेरच्या योजनेचा सराव वर्षातून किमान एकदा व्हायला हवा. कायदा आहे. भोपाळनंतर केलेलाच आहे.

पहिले पोचलेले

पोलिसांना फोन गेला तो साडेतीनच्या आसपास, आणि ते वेगाने पोहोचले. अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि शहरातच असलेली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडीही आली. घराघरांत जाऊन, लागतील तिथे दारं फोडून, बेशुद्ध माणसं बाहेर काढली गेली. यामुळे कितीतरी जीव वाचले. पण सुरुवातीला आत गेलेल्या पोलिसांपैकी काहींना स्वतःलाच त्रास झाला, आणि तो अपेक्षितच होता.

मे २०२० होता, त्यामुळे प्रत्येकाच्या तोंडावर मास्क होता. कोविडचा. तो कापडी असो, सर्जिकल असो की एन-९५, वाफेला त्यातून आरपार जायला काहीच अडचण नसते. तो कण अडवतो, वायू नाही. तोंडावर काहीतरी आहे या भावनेने माणूस दोन पावलं जास्त आत जातो, म्हणून अशा ठिकाणी तो मास्क नसण्यापेक्षाही वाईट ठरू शकतो. सेंद्रिय बाष्पासाठीचा काडतुसाचा मुखवटा मिळतो, पण हवेतलं प्रमाण किती हे माहीत नसताना तोही चालत नाही. प्रमाण अज्ञात असेल तिथं बीए सेट, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर. तो अर्धा तास चालतो असं कागदावर असलं तरी जिने चढताना, खांद्यावर माणूस घेऊन, बराच लवकर संपतो. आत जाताना दोघं असावेत आणि बाहेर तयार असे आणखी दोघं. एका हवालदाराकडून किंवा बीट मार्शलकडून ही अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. त्याच्या जीपमध्ये बीए सेट नसतो. म्हणून त्याला एकच गोष्ट पक्की शिकवलेली असावी: वारा जिकडून येतोय त्या बाजूला थांब, लोकांना तिकडे बोलाव, आत जाऊ नकोस. शेजारी मूल पडलेलं दिसत असताना हे पाळणं किती अवघड आहे, हे मला कळतं. तरीही.

आता या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. प्रशिक्षणात आपण 'विषारी वायू' आणि 'ज्वलनशील वायू' असे दोन धडे वेगळे शिकवतो. विषारीसाठी क्लोरिन, ज्वलनशीलसाठी एलपीजी. स्टायरिन दोन्ही धड्यांत बसतं आणि म्हणूनच माणसं चुकतात.

आकडे पाहू. हवेत सुमारे ०.९ टक्के स्टायरिन झालं की ठिणगीने पेट घेऊ शकतं. ०.९ टक्के म्हणजे ९,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ९,००० भाग). अग्निशमनाचा नेहमीचा गॅस मीटर या खालच्या स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांवर ओरडायला लावलेला असतो, म्हणजे ९०० पीपीएमवर. आणि स्टायरिनची 'जीवाला तत्काळ धोका' ही पातळी आहे ७०० पीपीएम. मीटर गप्प आहे, 'स्फोटाचा धोका नाही' असं सांगतोय, आणि ते खरंही आहे. पण आत उभ्या असलेल्या, संच न घातलेल्या माणसासाठी ती हवा आधीच घातक झालेली आहे. शिवाय हा मीटर बहुधा मिथेनवर जुळवलेला असतो, स्टायरिनसाठी त्याचा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. कमी प्रमाण मोजायला पीआयडी नावाचा जास्त संवेदनशील मीटर लागतो, आणि तो आपल्या किती अग्निशमन केंद्रांत आहे हे तिथल्या लोकांना विचारून पाहा.

उलट बाजूही आहे. लोक कोसळताहेत हे दिसल्यावर सगळ्यांचं लक्ष विषबाधेवर जातं आणि ठिणगीचा विचार मागे पडतो. स्टायरिनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो बिंदू, ३१ अंशांच्या आसपास, म्हणजे विशाखापट्टणमच्या मे महिन्यात नेहमीचंच तापमान. टाकीजवळ जीपची इंजिनं, दुचाक्या, मोबाइल, हातातले साधे टॉर्च. आग लागली नाही. लागली असती तर १,८०० टनांची टाकी आणि आवारातल्या बाकीच्या टाक्या, असं सगळं एकदम हाती आलं असतं. वस्तीची वीज तोडावी का हाही अशा वेळचा कळीचा प्रश्न. तोडली तर ठिणगीची ठिकाणं कमी होतात, पण अंधार होतो. आणि कारखान्याची वीज तोडली तर टाकीचं उरलंसुरलं शीतकरणही बंद पडतं. हा निर्णय टाकी माहीत असलेल्या माणसाला विचारल्याशिवाय घेता येत नाही. म्हणून फाटकावर, अग्निशमन अधिकाऱ्याच्या हातात सुरक्षा माहितीपत्रक आणि टाक्यांचा नकाशा देणारा कारखान्याचा माणूस पहिल्या दहा मिनिटांत उभा असायला हवा.

पाण्याबद्दलही गैरसमज असतो. अमोनिया गळला तर पाण्याचा पडदा तो बराचसा शोषून घेतो. स्टायरिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पाण्याच्या फवाऱ्याने वाफ पातळ होते, तिची दिशा थोडी वळवता येते, टाकीचं कवच थंड ठेवता येतं. वायू 'धुऊन' निघत नाही. आणि ते पाणी गटारात गेलं तर वर तरंगणारं स्टायरिन पुढच्या गल्लीत जाऊन वाफ सोडतं.

दुसरी रात्र

सकाळपर्यंत वस्ती रिकामी झाली, रुग्ण किंग जॉर्ज रुग्णालयात आणि इतरत्र पोहोचले. स्टायरिनवर उतारा नाही. कपडे काढणं, अंग धुणं, ऑक्सिजन, श्वासनलिकेला आराम देणारी औषधं, एवढंच करता येतं, आणि वेळेत केलं तर ते बहुतेकांना पुरतं. कपडे काढण्याची पायरी गर्दीत हमखास सुटते. मग रुग्णवाहिकेच्या बंद डब्यात रुग्णाच्या कपड्यांतून वाफ निघत राहते आणि चालकाचेच डोळे झोंबू लागतात.

पण टाकी अजून तापलेलीच होती. ७ तारखेच्या रात्री पुन्हा वाफ वाढल्याची बातमी पसरली आणि आसपासच्या वस्त्या मध्यरात्री रस्त्यावर आल्या. किती अंतरापर्यंतच्या लोकांनी निघायचं? कोणी दोन किलोमीटर म्हणत होतं, कोणी पाच. जबाबदार अधिकाऱ्यांकडून वेगवेगळे आकडे बाहेर आले की लोक मोठा आकडा खरा मानतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पहिल्या पहाटे गोंधळ झाला तो समजण्यासारखा होता. अठरा-वीस तासांनंतर, सगळ्या यंत्रणा जागेवर असताना, घटनास्थळाचा एकच प्रमुख आणि एकच बोलणारं तोंड ठरलेला नसणं हे मला जास्त खटकतं.

याच टप्प्यावर महाराष्ट्राचा संबंध येतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं रासायनिक आपत्तीसाठी प्रशिक्षित पथक पुण्याहून विमानाने पाठवलं गेलं, नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे तज्ज्ञही बोलावले गेले. आणि टाकीतली प्रक्रिया थोपवण्यासाठी टीबीसी गुजरातेतून, वापीहून, विमानाने आणावं लागलं. ज्या कारखान्यात हजारो टन स्टायरिन साठवलंय, त्याला ते स्थिर ठेवणारं रसायन देशाच्या दुसऱ्या टोकाहून मागवावं लागतं. त्यातही साखळी एकदा सुटल्यावर, त्या तापमानाला टीबीसीचा प्रभाव कमीच होतो. त्याची खरी वेळ एप्रिलमध्ये होती. पुढच्या काही दिवसांत टाकी हळूहळू निवली.

घरी परतलेल्यांसाठीच्या सूचना साध्या वाटतात, पण कामाच्या होत्या: आधी सगळी दारं-खिडक्या उघडा, एसी लगेच लावू नका, उघडं राहिलेलं अन्न टाकून द्या. जड वाफ खोल्यांच्या कोपऱ्यांत आणि गाद्यांमध्ये रेंगाळते.

आपल्याकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात 'मार्ग' नावाची परस्पर मदत व्यवस्था कारखान्यांनी मिळून चालवलेली आहे. एका कारखान्याची गळती ही शेजाऱ्याचीही डोकेदुखी, या हिशोबाने अग्निशमनाची साधनं आणि प्रशिक्षित माणसं एकमेकांना दिली जातात. अशी व्यवस्था जवळपास असेल तर बीए सेट घातलेली माणसं वेळेत मिळतात. एकट्या कारखान्याभोवती वाढलेल्या वस्तीला ती सोय नसते.

नंतर

राष्ट्रीय हरित लवादाने दुसऱ्याच दिवशी स्वतःहून दखल घेऊन कंपनीला ५० कोटी रुपये भरायला सांगितले. उच्च न्यायालयाने कारखान्याचं आवार ताब्यात घेण्याचा आदेश दिला. राज्य सरकारने मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी एक कोटी रुपये जाहीर केले. अहवालापाठोपाठ जुलैमध्ये कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह १२ जणांना अटक झाली. लॉकडाऊननंतर कारखाने पुन्हा सुरू करताना काय काळजी घ्यायची, याच्या सूचना राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने घटनेनंतर दोन-तीन दिवसांतच काढल्या.

आवारात आणि बंदरातल्या टाक्यांमध्ये उरलेलं सुमारे १३,००० टन स्टायरिन मे महिन्यातच दोन जहाजांतून दक्षिण कोरियाला परत पाठवलं गेलं.